कांचन आणि देवकांचन: झाड ओळखायचं कशावरून?

पानगळ (धागाकर्ती)

कांचनाचा फोटो टाकला की खाली ठरलेला वाद सुरू होतो. एक म्हणतो कांचन, दुसरा म्हणतो रक्तकांचन, तिसरा देवकांचन, आणि चौथा येऊन सांगतो की "सगळं एकच हो". एकच नाही. या दोन वेगळ्या जाती आहेत आणि लिनियसने १७५३ सालीच त्यांना वेगळी नावं देऊन ठेवली आहेत: बाउहिनिया व्हेरिगाटा आणि बाउहिनिया परपुरिया. 'रक्तकांचन' हे नाव कुणी पहिलीला देतं, कुणी दुसरीला, त्यामुळे या धाग्यात ते वापरूच नये अशी विनंती. व्हेरिगाटाला कांचन म्हणू आणि परपुरियाला देवकांचन.

बहुतेक जण रंगावरून निकाल देऊन मोकळे होतात. गडद दिसलं की एक, फिकं दिसलं की दुसरं. रंगाचा इथे काही उपयोग नाही. कांचनाची फुलं पांढऱ्यापासून गडद गुलाबी-जांभळ्यापर्यंत कुठल्याही छटेची असतात. देवकांचनही फिकट गुलाबीपासून किरमिजीपर्यंत कुठेही असतो. त्यात मोबाइलचा कॅमेरा जांभळ्या रंगाचं काय करतो ते आपण सगळे जाणतोच.

फूल हातात घ्या आणि पुंकेसर मोजा. कांचनात पाच, देवकांचनात तीन. मात्र मोजताना टोकाला परागकोश आहे तेच धरायचे. देवकांचनात तीन लांब, वर वळलेले पुंकेसर असतात आणि त्यांच्या बुडाशी केसासारखे बारीक, परागकोश नसलेले वंध्य पुंकेसर. ते धरले की आकडा भलताच येतो. मधोमध जो हिरवट, बाकदार दांडा असतो आणि ज्याच्या टोकाला छोटी गाठ असते तो स्त्रीकेसर. पुढे त्याचीच शेंग होते. तोही मोजायचा नाही.

दुसरी खूण पाकळ्यांची. कांचनाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, त्यामुळे फूल भरलेलं दिसतं. पाचांपैकी एका पाकळीवर गडद रेघा आणि डाग असतात. कांचनाच्या फिकट फुलातही ही पाकळी डोळ्यात भरते. देवकांचनाच्या पाकळ्या लांबट, खाली निमुळत्या होत देठासारख्या बारीक झालेल्या. दोन पाकळ्यांच्या मधून पलीकडचं आकाश दिसतं.

माझ्या मते एवढ्यावर बहुतेक वाद मिटावेत. तुमचं काय म्हणणं?

खोडसाळ

धागा उत्तम, वाचनखूण साठवली आहे. पण एक व्यावहारिक अडचण. वर्षातले आठ-नऊ महिने या झाडांना फुलं नसतात. तेव्हा काय मोजायचं? आणि फुलं असली तरी ती पंधरा फुटांवर. माझी उंची पाच फूट पाच इंच.

रानवाट्या

फूल नसलं तरी पान असतंच की. खाच बघायची. देवकांचनाचं पान खोल चिरलेलं असतं, जवळजवळ निम्म्यापर्यंत. कांचनाचं पाव ते एक तृतीयांश. शिवाय कांचनाचं पान लांबीपेक्षा रुंद आणि गोलसर, देवकांचनाचं किंचित लांबट, टोकं थोडी निमुळती. मी तर चालता चालता पानावरून सांगतो.

तळटीप

रानवाट्या, तुमच्याशी थोडा वाद घालतो. तुम्ही सांगितलेली मापं बरोबर आहेत, पण ती सरासरीची आहेत. देवकांचनाच्या एकाच फांदीवर एक तृतीयांश चिरलेलं आणि निम्मं चिरलेलं अशी दोन्ही पानं मिळतात. छाटणीनंतर फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यांची पानं तर दोन्ही जातींत अवाढव्य होतात, आणि त्यांवरून ठरवायला गेलात तर फसाल. शिरा मोजूनही काही हाती लागत नाही. बुडातून निघणाऱ्या नऊ ते अकरा शिरा दोघींतही सहज मिळतात. रात्री पान मध्यशिरेवर मिटतं, ते दोघींचंही. दोन पाळ्यांच्या मधल्या खाचेत मध्यशीर इवल्याशा काट्यासारखी बाहेर आलेली दिसते, तीही दोघींत. पानावरून अंदाज बांधावा, पण पैज लावू नये.

त्यापेक्षा कळी बघा. फुलांच्या आधी कळ्या बरेच दिवस झाडावर असतात आणि माझ्या मते पुंकेसरांखालोखाल हीच सगळ्यात पक्की खूण आहे. देवकांचनाच्या कळीवर उभ्या धारा असतात, चार किंवा पाच. बोटांच्या चिमटीत धरून फिरवली की धारा जाणवतात. कांचनाची कळी गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळती.

कळी उघडते कशी, त्यातही फरक आहे. कांचनात कळीचं बाहेरचं हिरवं आवरण एका बाजूने उभं चिरतं आणि अखंडच्या अखंड फुलाच्या एका अंगाला राहतं. देवकांचनात त्याचे दोन तुकडे होतात आणि ते मागे वळतात. नीट बघितलंत तर एका तुकड्याच्या टोकाला दोन दाते असतात, दुसऱ्याच्या टोकाला तीन. या हिरव्या आवरणाची मुळातली पाच निदलं अशी दोन-तीन वाटून चिकटलेली असतात. खाली पडलेल्या फुलांतही हे दिसतं, त्यामुळे खोडसाळ यांच्या उंचीचा प्रश्नही सुटावा.

खोडसाळ

सुटला. आता खाली वाकायला सुरुवात करतो.

हिरवी काडी

मला वाटतं सगळ्यात सोपी खूण कुणी सांगितलीच नाही. कॅलेंडर! देवकांचन पावसाळा संपता संपता फुलायला लागतो, सप्टेंबर ते डिसेंबर हा त्याचा काळ, आणि तेव्हा झाडावर पानं असतात. कांचन थंडीत पानं गाळतो आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत उघड्या फांद्यांवर फुलतो. पानांत फुलं म्हणजे देवकांचन, फांदीभर नुसती फुलं म्हणजे कांचन. लांबून, बसच्या खिडकीतूनही कळतं.

शेंगांचंही तसंच. कांचन फुलात असतो तेव्हा देवकांचनावर लांब चपट्या शेंगा लोंबत असतात, हिरव्या किंवा वाळत आलेल्या. कांचनाच्या शेंगा मे-जूनपर्यंत पिकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही झाडं शेजारी असली तर ओळखायला वनस्पतिशास्त्र लागतच नाही.

पानगळ

हिरवी काडी, कॅलेंडर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. पाणी भरपूर मिळणारा कांचन सगळी पानं गाळत नाही, आणि देवकांचनाची चुकार फुलं जानेवारीतही मिळतात. पण तुमचं म्हणणं मान्य. ऋतू, कळी आणि पुंकेसर या तिन्हींचा कौल एक आला की विषय संपला.

तळटीप यांच्या कळीला एक जोड देते. कांचनाच्या फुलाला देठ जवळजवळ नसतोच. फुलाखाली जो लांब देठ वाटतो ती खरं तर फुलाच्याच बुडाची नळी असते. देवकांचनाला खरा देठ असतो आणि नळी आखूड. फुलं येतात तीही वेगळ्या ठिकाणी: देवकांचनाला फांदीच्या शेंड्याकडे मोकळ्या मंजिऱ्यांत, कांचनाला जुन्या फांद्यांवर आखूड, दाट झुबक्यांत.

अर्धविराम

तिन्हींचा कौल एक आला नाही तर? माझ्या बघण्यातल्या एका झाडाचं वर्णन देतो. पुंकेसर पाच, म्हणजे कांचन. फुलं नोव्हेंबरपासून, पानं भरगच्च, म्हणजे देवकांचन. रंग गडद किरमिजी, फूल पंजाएवढं मोठं. आणि शेंग एकही नाही, ना यंदा ना आधी कधी. पानगळ ताई, आता बोला.

पानगळ

'शेंग नाही' इथेच उत्तर आहे. पण ते तळटीप यांनाच लिहू द्या, त्यांचा आवडता विषय आहे.

तळटीप

आहेच! अर्धविराम, हे बहुतेक बाउहिनिया ब्लेकियाना, म्हणजे आपल्या धाग्यातल्या दोन्ही झाडांचं संकरित अपत्य.

याची गोष्ट मोठी मजेदार आहे. १८८० च्या सुमारास हाँगकाँग बेटावर, पोक फू लाम भागात समुद्राजवळ एका पडक्या घराच्या आसपास फ्रेंच मिशनऱ्यांना हे एक झाड दिसलं. एकच. त्याच्या फांद्यांपासून रोपं केली गेली आणि ती तिथल्या वनस्पती उद्यानात पोचली. १९०८ साली स्टीफन डन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला स्वतंत्र जात मानून नाव दिलं, हाँगकाँगचे माजी गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्यावरून. पुढे १९६५ साली ते फूल तिथलं नगरचिन्ह झालं आणि १९९७ पासून ते ध्वजावर आहे: लाल रंगावर पाच पाकळ्यांचं पांढरं फूल. खरं फूल पांढरं नाही, पण ध्वज काढणाऱ्यांचा नाइलाज समजू शकतो.

हे झाड वांझ आहे. परागकण बहुतांशी निकामी, शेंग धरत नाही. संकराचा संशय त्यामुळे जुनाच होता, पण ठोस पुरावा २००५ साली डीएनए तपासणीतून आला: आई-बाप म्हणजे देवकांचन आणि कांचन. शेंगच नसल्याने लागवड फक्त छाट, गुटी किंवा डोळा भरून होते. म्हणजे जगभरातली ब्लेकियानाची झाडं ही त्या एका झाडाचीच पुढे चाललेली अंगं. सगळ्यांची जनुकं सारखी, त्यामुळे एखादा रोग एकाला नडला तर सगळ्यांना नडू शकतो. सुंदर झाड आहे, पण ओळीने हेच लावायचं मला पटत नाही.

तेव्हा पाच पुंकेसर दिसले तरी लगेच कांचन म्हणू नका. पानं भरगच्च, फूल मोठं आणि गडद, वर्षानुवर्षं शेंग नाही, हे सगळं जुळलं की ब्लेकियाना.

अर्धविराम

धन्यवाद! पण मग एक शंका. वर हिरवी काडी म्हणाल्या की एक डिसेंबरपर्यंत फुलतो आणि दुसरा जानेवारीच्या अखेरीपासून. दोघांची भेटच होत नसेल तर संकर झाला कसा?

तळटीप

भेट होते, क्वचित. देवकांचनाचा रेंगाळलेला बहर आणि कांचनाचा घाईचा बहर एका वेळी आले तर एखाद्या मधमाशीने काम केलं की झालं. गुणसूत्रांची संख्या दोघांतही २८, त्यामुळे बी तयार व्हायला अडचण नाही. अडचण पुढच्या पिढीत येते. ऋतूंतलं अंतर हेच या दोन जातींमधलं कुंपण आहे आणि ते थोडं सैल आहे, इतकंच.

रानवाट्या

म्हणजे पाच पुंकेसर ही खूणही 'पैज लावू नये' यादीत गेली का? :)

तळटीप

तीन दिसले तर लावा. पाच दिसले तर आधी शेंग शोधा.

बीजपेटी

पांढऱ्या फुलांबद्दलही कुणी लिहा. कांचनाचं पांढरं रूप असतं असं वर म्हटलं आहे, पण 'पांढरा कांचन' म्हणून आणलेलं माझं रोप कमरेच्या वर जातच नाही. मला मोठं झाड हवं होतं.

हिरवी काडी

ते बाउहिनिया अक्युमिनाटा असणार. झुडूप आहे ते, दोन-तीन मीटरच्या वर जात नाही. फूल शुभ्र, एकही रेघ नाही, पुंकेसर दहा. कांचनाच्या पांढऱ्या फुलात पुंकेसर पाचच, आणि रेघांच्या पाकळीच्या जागी बहुतेकदा पिवळट-हिरवी झाक असते. मोठं झाड हवं तर बाउहिनिया व्हेरिगाटा कँडिडा असं नाव सांगून मागा, आणि शक्य असेल तर फुलावर असतानाच घ्या. रोपावरची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

पुंकेसर मोजायची सवय लागली की बाकी भावंडंही ओळखता येतात. पिवळ्या, घंटेसारख्या लोंबत्या फुलांचा बाउहिनिया टोमेंटोसा: दहा. आपटा: दहा, पण त्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी आणि पान छोटं, जाड. बाउहिनिया मोनँड्रा: फक्त एक! त्याच्याही एका पाकळीवर लाल ठिपके असतात आणि फूल शिळं होता होता गुलाबी होतं, त्यामुळे लांबून कांचन वाटतं.

खोडसाळ

एक, तीन, पाच, दहा. घंटा वाजल्यासारखं पाठ झालं. आता माझा बाळबोध प्रश्न. याला ऑर्किड ट्री म्हणतात, तर ऑर्किडशी नातं किती?

पानगळ

शून्य. फूल तसं दिसतं म्हणून ते नाव पडलं. ही सगळी शिंबावंत, म्हणजे शेंगवाल्या कुळातली झाडं. पूर्वी यांना गुलमोहर-बहाव्याच्या उपकुळात टाकत. २०१७ च्या नव्या वर्गीकरणात ती तिथून काढून सर्सिडॉइडी या वेगळ्या उपकुळात ठेवली गेली. आणि हो, पुढचा प्रश्न येण्याआधीच सांगते: शेंगवाली असली तरी यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी होत नाहीत. 'कांचन लावा, जमीन सुपीक होते' हे वाक्य बरंच फिरतं. पालापाचोळा कुजून जे काय मिळेल तेवढंच.

बाउहिनिया हे नाव मात्र दोन भावांवरून आलं, हे खरं. योहान आणि कास्पार बाउहिन. पानाच्या दोन पाळ्या म्हणजे ते दोघे. लोक हौसेने 'जुळे भाऊ' लिहितात, पण एकाचा जन्म १५४१ चा, दुसऱ्याचा १५६० चा.

बीजपेटी

शेंगांबद्दल लिहा ना कुणी. मी बिया जमवते. कांचनाच्या शेंगा काढून टोपलीत ठेवल्या होत्या तर रात्री 'तड' आवाज करत फुटल्या आणि बिया खोलीभर. देवकांचनाच्याही अशाच फुटतात का?

तळटीप

दोन्हींच्या फुटतात, आणि फुटण्यामागचं यंत्र बघण्यासारखं आहे. शेंगेचं प्रत्येक टरफल दोन थरांचं असतं. दोन्ही थरांत तंतू आहेत, पण एका थरातले तंतू शेंगेच्या लांबीशी ४५ अंशांत एका बाजूला तिरपे, दुसऱ्या थरातले तेवढेच विरुद्ध बाजूला. वाळताना प्रत्येक थर आपल्या तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतो. म्हणजे एकाला एकीकडे ओढायचं, दुसऱ्याला त्याच्या काटकोनात. टरफलाला सपाट राहणं अशक्य होतं आणि ते पिळायला बघतं. पण दोन टरफलं कडेला शिवलेली असतात आणि त्यांचे पीळ एकमेकांच्या उलट, एक डावा, एक उजवा. ताण साठत जातो आणि एका क्षणी शिवण सुटते. बिया लांब फेकल्या जातात. फुटलेल्या शेंगेची दोन टरफलं शेजारी ठेवून बघा, उलटसुलट पीळ स्पष्ट दिसतात.

२०११ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच यंत्र रबराचे ताणलेले दोन पापुद्रे काटकोनात चिकटवून करून दाखवलं. त्यातून त्यांनी तिरक्या पट्ट्या कापल्या: अरुंद पट्टी नुसती पिळते, रुंद पट्टी नळीसारखी गुंडाळत जाते. वाळलेली शेंग मेलेली असते, तिच्यात जिवंत पेशींचं काही काम नाही. सगळी करामत फक्त रचनेची आणि आकसण्याची.

रानवाट्या

तळटीप, हे वेगळ्या धाग्याचं ऐवज आहे, इथे वाया घालवू नका.

मूळ विषयाकडे. दोन्हींपैकी एकच लावायचं असेल तर कोणतं? माझं मत देवकांचन. सावली बाराही महिने, आकार आटोपशीर, आणि फुलं अशा वेळी येतात जेव्हा बाकी झाडांवर फारसं काही नसतं.

हिरवी काडी

माझं मत कांचन. उघड्या फांद्यांवर तो बहर आला की दुसरं काही बघवत नाही. सावलीसाठी दुसरी झाडं आहेत. पण एक लक्षात ठेवा, दोघांच्या छाटणीची वेळ वेगळी. कांचन गेल्या हंगामातल्या फांद्यांवर फुलतो, म्हणून बहर ओसरला की लगेच छाटायचा. थंडीच्या तोंडावर छाटलात तर येणारी फुलंच कापाल. देवकांचन त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या शेंड्यांवर फुलतो, म्हणून त्याची छाटणी थंडी सरताना. पावसाळ्यात 'फार पसरला' म्हणून त्याला भादरला की त्या साली फुलं विसरा. "झाड फुलतच नाही" या तक्रारींतल्या बऱ्याचशांचं मूळ इथे असतं.

पानगळ

छाटणीचा मुद्दा मी धाग्याच्या वरच्या भागात जोडून ठेवते.

दोन्हींतलं एक निवडायचं तर मीही देवकांचनाकडे झुकते, पण कारण वेगळं आहे. कांचन बियांवाटे पसरण्यात फार तरबेज. मुळात तो हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीनपर्यंतचा. जिथला नाही तिथे नेऊन लावला की कधी कधी डोईजड होतो. फ्लोरिडात तो घुसखोर झाडांच्या यादीत आहे. त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर राहणाऱ्यांनी शेंगा वेळेवर काढाव्यात, किंवा मग ब्लेकियाना लावावा. तळटीप रागावतील, पण एखाददुसरं झाड चालायला हरकत नाही.

तळटीप

एखाददुसरं चालेल. ओळ नको.

बीजपेटी

शेंगा काढायची योग्य वेळ कोणती? हिरव्या काढल्या तर बी कच्चं, उशीर केला तर बिया गायब.

हिरवी काडी

शेंग हिरवी जाऊन तपकिरी व्हायला लागली आणि वाकवल्यावर लवचीक न राहता कडक लागली की काढा. त्या टोपलीत उघड्या ठेवू नका, कापडी पिशवीत घालून तोंड बांधा आणि उन्हात टांगा. फुटतील त्या पिशवीतच फुटतील. बी चपटं, तपकिरी, गोलसर. ताजं असताना पेरलंत तर भिजवणं-घासणं काही लागत नाही, एक-दोन आठवड्यांत उगवतं. वर्षभर ठेवलंत तर उगवण बरीच घसरते. आणि पिशवीवर आजच नाव लिहा. बी बघून कांचन की देवकांचन हे मलाही सांगता येत नाही.